धुऊन ठेवलेला बोया

१

बोया चोरीला गेला तेव्हा पुएर्तो रेमान्सो बंदराला पहिल्यांदाच कळलं, की आपल्याकडे एक बोया आहे.

कागदोपत्री तो होताच. माझ्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावरही होता, डॉल्फिनच्या शेजारी. बंदराचा प्रसिद्धी अधिकारी मी, त्यामुळे डॉल्फिन मीच टाकला होता. आमच्या खाडीत डॉल्फिन शेवटचा कधी दिसला असं मला कुणी विचारलं नाही. माहितीपत्रक वाचायचं नसतं, वाटायचं असतं.

बोया तरंगता, पिवळा, माणसाच्या छातीइतका उंच, बाहेरून माझ्याच डॉल्फिनचं चित्र चिकटवलेला. त्याच्या पोटात पाण्यातला गाळ मोजणारं यंत्र. खाडीच्या तोंडाशी, खारफुटीच्या अगदी समोर तो नांगरलेला असायचा. गाळ ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की यंत्र कार्यालयाला कळवणार आणि जहाजांसाठी खाडी खोल करणारा ड्रेजर थांबणार, असा नियम. कारण ड्रेजरने ढवळलेला चिखल खारफुटीच्या मुळांवर बसतो आणि त्या मुळांत राहणाऱ्या काळ्या शिंपल्या, म्हणजे आमची पियांग्वा, गुदमरून मरते. पियांग्वा मेली की ती वेचणाऱ्या बायकांच्या घरात शिजवायला काही उरत नाही.

बसवल्यावर पहिला मे महिनाभर बोया सारखा ओरडत होता आणि ड्रेजर सारखा थांबत होता. जूनपासून पाणी आपोआप सुधारलं. पुढे जवळजवळ वर्षभर बोया हूं की चूं करेना. त्या शांततेवर आम्हाला ‘हरित बंदर’ पुरस्कार मिळायचा होता आणि त्याच शांततेच्या भरवशावर खारफुटी कापून दुसरा जलमार्ग काढायचा होता. त्यासाठी गुरुवारी जाहीर सुनावणी होती.

सोमवारी सकाळी बोया जागेवर नव्हता. मंगळवारी तो सापडला. दियोसेलिना बांगेरा यांच्या खांबांवरच्या घराखाली, मासेमारीच्या जाळ्यात गुंडाळलेला.

दियोसेलिनामावशी म्हणजे शिंपल्या वेचणाऱ्या बायकांच्या संघटनेच्या अध्यक्ष. नव्या जलमार्गाविरुद्ध सुनावणीत बोलणाऱ्या एकट्या त्याच. आमच्या वकिलाने लगेच नियम काढून दाखवला: बंदराच्या मालमत्तेची चोरी केल्याचा आरोप असलेली व्यक्ती सुनावणीत प्रतिनिधी म्हणून बोलू शकत नाही. हा नियम त्याला इतका चटकन सापडला, की तो खुणेचा कागद घालूनच ठेवला असावा.

पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि ते जेवायला गेले. पर्यावरण खात्यात फोन वाजत राहिला. धावत आली ती फक्त विमा कंपनी, कारण बोयाचा विमा होता. आमच्या किनाऱ्यावर निसर्गाकडे बारकाईने बघणारी तेवढी एकच संस्था शिल्लक आहे.

त्यांनी काली शहरातून तपासाला पाठवलेली बाई बसमधून उतरली तीच हातात मीठ लावलेल्या चोंतादुरोची पिशवी घेऊन. नाव नुबिया सिनिस्तेरा.

“हे घ्या,” एक केशरी फळ माझ्यापुढे धरत ती म्हणाली. “आणि सांगा, तो बोया सापडल्यावर कुणी धुतला?”

“कुणीच नाही.”

“मग चोराने धुतला,” ती म्हणाली. “फोटोत चकचकीत दिसतोय. चोरीचा माल घासूनपुसून ठेवणारा चोर मी नोकरीत पहिल्यांदा बघतेय.”

२

बोया बंदराच्या गोदामात लाकडी फळ्यांवर ठेवला होता. भोवती आम्ही चौघं: नुबिया, मी, पर्यावरण विभागाचे प्रमुख इंजिनियर उर्दानेता आणि बंदराच्या लाँचचा कप्तान सेलिमो आंगुलो.

उर्दानेता राजधानीचे, बोगोताचे. आमच्या दमट हवेतही त्यांच्या शर्टाची इस्त्री मोडत नाही, हे त्यांच्या कर्तबगारीचं सर्वांत ठोस उदाहरण. सेलिमो इथलाच. धिप्पाड, गळ्यात कार्मेनमातेचा, म्हणजे खलाशांना सांभाळणाऱ्या मेरीमातेचा, कापडी ताईत, बोलणं कमी. काल मावशींच्या घराखालून बोया त्यानेच लाँचवर चढवून आणला होता. मावशी त्याच्या थोरल्या लेकीची धर्ममाता. सकाळपासून तो कुणाच्याच नजरेला नजर देत नव्हता आणि आम्हाला वाटत होतं, बिचाऱ्याला मावशींचं वाईट वाटतंय.

बोयाची बूडबाजू खरवडून साफ केलेली होती. वर्षभर समुद्रात राहिलेल्या वस्तूवर शिंपल्यांचा खरबरीत थर चढतो. इथे एकही कवच नव्हतं. वरच्या कडीला मात्र एक जुनी फीत बांधलेली होती, उन्हाने आणि मिठाने चहाच्या चोथ्यासारखी झालेली.

या फितीचं आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. जुलैत कार्मेनमाता होडीत बसून खाडीत फेरी मारते आणि त्या दिवशी जे जे तरंगतं त्याला आम्ही तपकिरी फीत बांधतो. होड्या, ओंडके, बोये, एका वर्षी तर जलपोलिसांची गस्तनौका. फीत आपण होऊन झडेपर्यंत कुणी काढत नाही. काढणाऱ्याचं काय होतं हे ठाऊक नाही, कारण अजून कुणी काढलेली नाही.

“पुराव्याचा स्वच्छ फोटो हवा,” उर्दानेता म्हणाले. “तो कळकट चिंधा आधी काढा रे.” आणि खिशातली सुरी उघडून ते स्वतःच पुढे झाले.

“साहेब, नको!”

सेलिमो इतक्या जोरात ओरडला की छपरावरची कबुतरं उडाली. मग ओशाळून म्हणाला, “म्हणजे… राहू द्या. पाप कशाला?”

“या लोकांचं हे असं,” उर्दानेता मला म्हणाले, जणू मी त्या लोकांतला नव्हतो. सुरी मिटून त्यांनी खिशात ठेवली. “बाई, प्रकरण सरळ आहे. बोया सांगतो पाणी स्वच्छ. दियोसेलिनाबाई सांगतात पाणी घाण. सुनावणीत त्या खोट्या पडणार होत्या, म्हणून त्यांनी बोया पळवला.”

“सरळ आहे खरं,” नुबिया म्हणाली. “मी जरा वाकडं करून बघते.”

३

ड्रेजरचा कप्तान पीटर बेल्जियमचा. आम्ही गेलो तेव्हा तो तळलेली केळी खात होता.

“माझं काय जातं त्या बोयाने?” तो म्हणाला. “त्याने थांब म्हटलं की मी थांबतो. माझा पगार चालूच असतो. थांबले की हाल होतात ते रोजंदारीवाल्यांचे. दोरखंडवाले, पंपावरचे, सेलिमोच्या लाँचवरची पोरं. ड्रेजर उभा तर त्यांचा रोज बंद. मे महिन्यात माझ्याकडे हात पसरून उभे राहायचे बिचारे.”

“बोयाला बांधलेली फीत पाहिलीत कधी?”

“फिती? सगळीकडे असतात. पंख्यात अडकतात. माझे खलाशी दिसली की कापून टाकतात.” मग आमचे चेहरे पाहून तो घाईने म्हणाला, “हे गावात सांगू नका हां.”

तिथून आम्ही मावशींकडे गेलो. गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल, तोंडात विझलेला चिरूट. पायरीवर बसून त्या शिंपल्या निवडत होत्या. लहान निघाली की मागे खाडीत भिरकावायची, मोठी टोपलीत.

“ये पोरी, बस. चोराच्या घरी पाणी पितेस ना?”

“जेवायला देत असाल तर राहीनसुद्धा,” नुबिया म्हणाली.

मावशी हसल्या, पण डोळे हसले नाहीत. “वर्षभर त्या बोयासमोर कमरेइतक्या चिखलात उभी राहतेय मी. हात घातला तर आपलीच बोटं दिसत नाहीत. आणि याचं पत्रक म्हणतं, पाणी काचेसारखं!” हातातली शिंपली त्यांनी माझ्यावर रोखली. “काय रे लेआंद्रो, कुठल्या दुकानातली काच ती?”

मी चपलेचा पट्टा नीट करू लागलो.

“म्हणून अर्ज दिला,” मावशी पुढे म्हणाल्या, “की सुनावणीला तो बोया आणा आणि सगळ्यांसमोर उघडा. त्याच्या पोटात काय आहे ते गावाला दिसू दे. आणि आता म्हणतात, मीच पळवला! अगं, गेल्या जुलैत त्याला फीत मी बांधली. ह्या हातांनी. आमची साधी, तपकिरी. पुंता क्लाराच्या लोकांसारखी संत पेद्रोची लालभडक नव्हे. त्यांना मेला सगळ्यातच तोरा. स्वच्छ पाण्यात राहतात ना.”

नुबियाचा फळ सोलणारा हात थांबला.

“मावशी, उद्या तुम्हाला बोलू दिलं नाही तर?”

“तर ही खारफुटी गेली. आमच्या तीनशे बायकांचं जगणं तिच्या मुळांत आहे.” त्यांनी खाडीकडे हनुवटी केली. “पण मी गप्प बसेन असं त्यांना कुणी सांगितलं? दारात उभी राहून ओरडेन. मला उचलायला चार पोलीस लागतील आणि त्यांतले दोन माझे भाचे आहेत.”

निघाल्यावर वाटेत नुबिया म्हणाली, “लेआंद्रो, केसांची पिन आहे?”

मला टक्कल आहे. पण ती थट्टा करत नव्हती.

४

पिन शेवटी कॅन्टीनवाल्या बाईकडून मिळाली. गोदामात बोयासमोर मांडी घालून नुबिया फितीच्या गाठीशी खेळू लागली.

“सोडू नका हां,” माझ्या तोंडून निघून गेलं. कॉलेजात मी चार वर्षं तत्त्वज्ञान शिकलो होतो.

“वेडे का? माझी आजी नदीकाठची,” ती म्हणाली. “सोडत नाही. गाठीच्या आत जिथे ऊन पोचत नाही, तिथे फक्त डोकावतेय.”

पिनेने तिने गाठीची घडी जेमतेम उचलली. बाहेरून चहाच्या चोथ्याचा रंग. आत, जिथे फीत फितीखाली दबून बसली होती तिथे, लालभडक.

गोदामात पत्र्यावर ऊन तडतडत होतं.

“पुंता क्लारा,” मी म्हणालो. पुंता क्लारा म्हणजे खाडीबाहेरचं गाव, मोकळ्या समुद्राच्या कडेला. तिथे पाणी खरोखरच काचेसारखं असतं. संत पेद्रोचा सण जूनअखेरीस.

“म्हणजे जूनअखेरीस हा बोया तिथे तरंगत होता,” नुबिया म्हणाली. “स्वच्छ पाण्यात बसून ‘पाणी स्वच्छ आहे’ असं वर्षभर प्रामाणिकपणे सांगत होता. बोया खोटं बोलला नाही, लेआंद्रो. त्याला चुकीच्या जागी उभं करून प्रश्न विचारला. आणि तिथल्या पाण्यातली पांढरी कवचं तुमच्या गढूळ खाडीत होत नाहीत, म्हणून आणताना ती खरवडून काढली.”

“पण खारफुटीसमोर पिवळा बोया होताच की! सगळ्या गावाने रोज पाहिलाय. मावशींनी त्याला फीत बांधली.”

“तपकिरी,” ती म्हणाली. “ह्याला लाल आहे. मग त्यांनी कशाला बांधली?”

मला उत्तर सुचलं आणि ते मला आवडलं नाही. बोये दोन होते. खरा पुंता क्लाराला. इथे खारफुटीसमोर त्याच पिवळ्या रंगाचा, त्याच डॉल्फिनचं चित्र चिकटवलेला, रिकाम्या पोटाचा डबा. मावशी तो सर्वांसमोर उघडणार म्हटल्यावर डबा नाहीसा करावा लागला आणि खरा कुठेतरी ‘सापडावा’ लागला. जिला गप्प करायचं तिच्याच घराखाली सापडला, तर एका फेरीत दोन कामं.

“कुणी केलं?” मी विचारलं.

“ते फीत सांगतेय. विचार करा. बोया आणणाऱ्याने एकूण एक कवच खरवडलं. इतका सावध माणूस. मग ही लाल फीत का ठेवली? तीच तर त्याला पकडून देणार होती.”

“उर्दानेतांनी केव्हाच कापली असती,” मी म्हणालो. “मघाशी कापतच होते.”

“पीटरच्या माणसांनीही. आणि मावशींनी इथला बोया पळवला असता, तर त्यावर त्यांचीच तपकिरी फीत असती.” पिन तिने रुमालात गुंडाळली. “ठेवणारा असा हवा, की जो तुरुंगात जाईल पण संताची फीत कापणार नाही. आणि ज्याने लाल कापली नाही, तो मातेची तपकिरी फीत बांधलेला डबा समुद्रात बुडवेल? तोडून भंगारात देईल? नाही. तो डबा अजून आहे, लेआंद्रो. कुठेतरी अगदी जपून ठेवलाय.”

कबुतरं उडवणारी ती हाक मला पुन्हा ऐकू आली.

५

सेलिमोच्या घरी आम्ही मावशींना घेऊनच गेलो. सेलिमो दारातच होता. आम्हाला पाहून त्याने वाट अडवली नाही. नुसता बाजूला झाला.

मागच्या खोलीत, पिठाच्या पोत्यांच्या आड, पिवळा बोया उभा होता. कडीला तपकिरी फीत. समोर बशीत पेटती मेणबत्ती आणि ताजी फुलं. पोटावर आमचा डॉल्फिन हसत होता. माझ्या कारकिर्दीत त्याला एवढा मान कधी मिळाला नव्हता.

नुबियाने बोयाला बोटाने टकटक केलं. पोकळ आवाज आला.

“माझ्या घराखाली ठेवलास?” मावशी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “माझ्या, सेलिमो? तुझी पोर मी बाप्तिस्म्याला हातात धरली.”

सेलिमो पोत्यावर बसला. धिप्पाड माणूस बसताना एकदम लहान दिसतो.

“मे महिन्यात ड्रेजर सारखा उभा राहायचा, मावशी. माझ्या पोरांचा रोज बुडायचा. एकेकाच्या घरी चूल पेटत नव्हती. साहेब कधी ‘हलव’ म्हणाले नाहीत. म्हणाले, ‘सेलिमो, या बोयाला जरा शांत पाणी नाही का मिळणार?’ मी शांत पाणी शोधलं.”

“आणि आता?” नुबियाने विचारलं.

“म्हणाले, ‘बोये हरवतातही.’ मग थोड्या वेळाने म्हणाले, ‘आणि सापडतातही. भलत्याच ठिकाणी.’” त्याने गळ्यातला ताईत मुठीत धरला. “सगळं केलं मी. फिती तेवढ्या नाही कापता आल्या.”

मावशींनी वाकून तपकिरी फितीची, आपणच मारलेली गाठ बोटाने चाचपली.

“उठ,” त्या म्हणाल्या. “डोळे पूस. उद्या सुनावणीला हा डबा तू उचलायचास. माझी कंबर दुखते.”

“मला तुरुंगात टाकतील.”

“टाकू देत. मी डबा घेऊन येईन जेवणाचा. पण तू बोलशील, आणि ‘साहेब म्हणाले’ हे दोन शब्द गिळणार नाहीस.”

६

सुनावणीच्या सभागृहात बोगोताहून आलेल्या अधिकारी बाई व्यासपीठावर, शेजारी इस्त्रीचा शर्ट. दारावर आमचा वकील, बोट नियमावर ठेवून.

“यांना आत सोडता येणार नाही. चोरीचा आरोप आहे.”

“नाही,” नुबिया म्हणाली. “चोरी झालेलीच नाही. आपली वस्तू बंदराच्याच माणसांनी, बंदराच्याच लाँचमधून, बंदराच्याच सोयीसाठी हलवली. कंपनी भरपाई देणार नाही आणि खोटा दावा केल्याबद्दल तुमच्यावर फिर्याद करणार आहे. आता बोट काढा, मावशींना जायचंय.”

वकिलाने बोट काढलं. मावशी आत आल्या, मागून चिखलाच्या पायांनी शिंपल्यावाल्या बायका, आणि सर्वांत शेवटी पिवळा बोया खांद्यावर घेतलेला सेलिमो. त्याने तो थेट व्यासपीठाच्या टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. आतून एक खेकडा बाहेर आला. एवढंच यंत्र होतं.

सेलिमो बोलला. अडखळत, ताईत धरून, पण ते दोन शब्द त्याने गिळले नाहीत.

“मी कोणताही आदेश दिलेला नाही,” उर्दानेता म्हणाले. “दाखवा कुठे दिलाय.”

“वर्षभर आकडे बघत होता ना तुम्ही?” मावशींनी विचारलं. “मेमध्ये चिखल, जूनमध्ये काच. खाडी तीच, ड्रेजर तोच. तुम्ही एवढे शिकलेले, कसं झालं म्हणून एकदा तरी विचारलंत?”

उर्दानेता समोरचे कागद चाळू लागले.

अधिकारी बाईंनी घसा साफ केला. “म्हणजे बंदर होऊ नये, अशी तुमची मागणी आहे?”

“कोण म्हणालं?” मावशी ताडकन वळल्या. “माझा भाचा क्रेनवर आहे. हा सेलिमो लाँचवर. बंदर करा, मोठं करा. पण नवा मार्ग खारफुटी सोडून, पलीकडच्या बाजूने न्या. लांब पडतो म्हणे. पडू दे, जहाजं कुठे पायी चालतात? खरा बोया आमच्यासमोर परत लावा. आणि लिहून द्या: बोयाने थांब म्हटलं की ड्रेजर थांबेल, पण रोजंदारी थांबणार नाही. तेवढं केलं असतं तर याला बोया हलवावा लागला नसता. गाळाची किंमत एकदा आम्ही मोजायची, एकदा यांच्या पोरांनी. साहेबांच्या इस्त्रीवर अजून एक सुरकुती नाही!”

“हे सगळं फार भावनिक—” उर्दानेता सुरू झाले.

“भावनिक आहेच,” मावशी म्हणाल्या. “तुमचा आकडा डब्यात होता, आमची भावना चिखलात होती. उघडल्यावर खेकडा कुणाच्या डब्यातून निघाला?”

बायकांनी टोपल्या बडवायला सुरुवात केली. अधिकारी बाईंनी शांत राहायला सांगितलं, पण त्यांचं स्वतःचं हसू शांत होत नव्हतं. नव्या जलमार्गाची मंजुरी त्यांनी तिथेच थांबवली. बोया जागेवर ठेवून वर्षभर पुन्हा मोजणी, आणि थांबलेल्या दिवसांचा रोज बंदराने द्यायचा. पलीकडच्या मार्गाचा विचार ‘करण्यात येईल’. हे शेवटचं क्रियापद मी ओळखतो. त्याच्यावर नजर ठेवायला मावशींनी दोन भाचे नेमले आहेत.

शनिवारी खरा बोया खारफुटीसमोर नांगरला. संत पेद्रोची लाल गाठ तशीच ठेवून शेजारी मावशींनी नवी तपकिरी फीत बांधली. जुलैची वाट पाहायला त्यांना वेळ नव्हता.

सोमवारी पीटरने ड्रेजर सुरू केला. चिखल उठला, मुळांकडे सरकू लागला, आणि कार्यालयात घंटा वाजली. वर्षात पहिल्यांदा. ड्रेजर घरघरत थांबला. लाँचवरची पोरं सवयीने कपाळाला हात लावणार होती, मग त्यांना आठवलं, की आजचा रोज चालू आहे. एक जण तर खुशाल पाय पसरून झोपला.

कमरेइतक्या चिखलातून मावशींनी कमरेवर हात ठेवून ओरडून विचारलं, “काय रे सेलिमो, आता शांत पाणी मिळालं का साहेबांना?”

नवं माहितीपत्रक छापायला गेलंय. मुखपृष्ठावर बोया आहे, त्याच्या दोन्ही फितींसकट, आणि त्याच्यामागे मावशी. डॉल्फिन मी काढून टाकला. वरून फोन आला, ‘कुणाच्या परवानगीने?’ मी सांगितलं, खाडीत दिसला की पुन्हा टाकतो.